सर्दी झाल्यावर पहिल्या दिवसापासून काय करावं: पेज, वाफ, जलनेती आणि श्वास

सर्दी घालवणारं औषध अजून कुणाकडे नाही. ती विषाणूंमुळे होते. त्यात सगळ्यात मोठा वाटा ऱ्हायनोव्हायरसचा, आणि त्याचेच शंभरावर प्रकार, म्हणून एकदा होऊन गेली तरी ती परत होते. धडधाकट माणसाची सर्दी सात ते दहा दिवसांत आपसूक जाते, खोकला मात्र दोन-तीन आठवडे रेंगाळतो. अँटिबायोटिक विषाणूवर चालत नाही. शेंबूड पिवळा-हिरवा झाला एवढ्यावरून तर ते घेऊच नये, कारण साध्या सर्दीतही चौथ्या-पाचव्या दिवशी रंग बदलतोच.

मग घरच्या उपायांनी काय साधायचं? नाक तुंबू द्यायचं नाही, घसा कोरडा पडू द्यायचा नाही आणि रात्रीची झोप मोडू द्यायची नाही. या तीन गोष्टी सांभाळल्या की सायनस आणि कान ठणकण्याची वेळ बहुतेकदा येत नाही. उपाय चुकीच्या दिवशी किंवा चुकीच्या प्रमाणात केला तर उलट त्रास होतो, म्हणून खाली सगळं सर्दीच्या दिवसांच्या क्रमानं दिलं आहे.

पावसात भिजल्यानं सर्दी झाली असं आपण म्हणतो, पण विषाणू येतो दुसऱ्या माणसाकडून. कोकणात चार महिने दारं-खिडक्या ओढलेल्या, सगळी माणसं माजघरात. गणपतीत मुंबईचे चाकरमानी गच्च भरलेल्या गाड्यांतून येतात आणि आरतीला पूर्ण वाडी एका खोलीत उभी राहते. सर्दी झालेल्या माणसानं आपला पंचा, उशी आणि पेला वेगळा ठेवावा, नाक शिंकरल्यावर साबणानं हात धुवावेत आणि ते दिवस प्रसाद वाटायचं काम दुसऱ्याला द्यावं.

पहिले दोन दिवस: घसा खवखवतो, नाक गळतं

घसा धरल्याचं जाणवताच गुळण्या सुरू करा. पेलाभर (सुमारे २०० मिली) कोमट पाण्यात अर्धा छोटा चमचा मीठ घालून दिवसातून तीन-चार वेळा करायच्या. हळद घातली तरी चालते, पण काम मिठाचंच. पाणी कढत नको, सुजलेला घसा आणखी सोलवटतो.

या दिवसांत पोटाला हलकं आणि पातळ द्यायचं, आणि त्यासाठी आपल्याकडच्या पेजेहून चांगलं काही नाही. एका माणसाला अर्धी वाटी उकडा तांदूळ, पाच वाट्या पाणी. तांदूळ धुऊन मंद आचेवर पाऊण तास, शीत फुटून पाणी दाटसर होईपर्यंत शिजवा. मीठ घाला, वर चमचाभर तूप. ती गरम असतानाच हळूहळू प्यायली की पाणी, मीठ आणि थोडी ताकद तिन्ही मिळतं, शिवाय वाफ नाकात जाते ती वेगळीच. रात्री कुळथाचं कढण करा: रात्रभर भिजवलेले एक वाटी कुळीथ सहा वाट्या पाण्यात मऊ शिजवायचे, वरचं पाणी निथळून घ्यायचं आणि त्याला ठेचलेल्या लसणीची फोडणी देऊन तीन-चार आमसुलं टाकायची. सोलकढी गार प्यायली म्हणून सर्दी वाढत नाही, पण खवखवत्या घशाला आमसुलाचं गरम सार जास्त मानवतं. दुधानं कफ वाढतो हाही समज खरा नाही. दूध प्यायल्यावर लाळ घट्ट वाटते एवढंच. हळदीचं दूध आवडत असेल तर खुशाल घ्या.

पावसाळ्यात मुठ्यांचं, म्हणजे गोड्या पाण्यातल्या खेकड्यांचं, सार देण्याची पद्धत बऱ्याच घरांत आहे आणि ती चांगली आहे. यात एका गोष्टीची काळजी फार कमी जण घेतात. या खेकड्यांमध्ये फुप्फुसात शिरणारा कृमी असू शकतो. मुठ्यांच्या नांग्या-तंगड्या कुटून गाळलेला रस कच्चा असताना चाखू नका, तो खळखळ उकळल्यावर पुढे किमान पंधरा मिनिटं उकळू द्या, आणि ज्या पाट्या-वरवंट्यावर कुटलं तो कढत पाण्यानं धुतल्याशिवाय त्यावर चटणी वाटू नका.

काढा तीन कप पाण्याचा करा: गवती चहाच्या दोन-तीन पाती, बोटाच्या पेराएवढं ठेचलेलं आलं, तुळशीची आठ-दहा पानं, पाच मिरी आणि दालचिनीचा लहान तुकडा. आलं, मिरी, दालचिनी आधी टाकायची, झाकण ठेवून मंद आचेवर दहा मिनिटं उकळायची. तुळस आणि गवती चहा शेवटच्या दोन मिनिटांत घालून लगेच गॅस बंद करायचा. सुरुवातीपासून टाकले तर सुवास उडून जातो आणि काढा नुसता कडवट होतो. गुळाचा खडा चालेल. परसातल्या झाडाची दालचिनी मिळाली तर तीच वापरा. बाजारातली जाड, कडक साल बहुधा कॅशियाची असते आणि तिच्यातलं कुमारिन रोज भरपूर पोटात गेलं तर यकृताला बाधतं. दिवसातून दोन कप पुरेत. त्याच्या पुढे छातीत जळजळ सुरू होते आणि आम्लाचा खोकला सर्दीच्या खोकल्यात भर घालतो.

या दोन दिवसांत ताप किंवा अंगदुखी असेल तर आसनं नकोत. पडून राहा. त्रास फक्त मानेच्या वर, म्हणजे नाक-घशापुरता असेल तर मार्जारासनाची आठ-दहा आवर्तनं आणि हलका भुजंगासन चालतो. छाती मोकळी होते. शीर्षासन, सर्वांगासन, हलासन नाक पूर्ण सुटेपर्यंत बंद.

तिसऱ्या दिवसापासून: नाक चोंदतं

आता वाफ आणि नेती, म्हणजे एका नाकपुडीतून मिठाचं कोमट पाणी सोडून दुसरीतून काढणं. आधी वाफ, मग नेती, हा क्रम उलटा करू नका.

वाफेसाठी पातेलं उतरवून जमिनीवर किंवा पक्क्या टेबलावर ठेवा. चुलीवर असताना तोंड वर धरू नका, मांडीवर तर कधीच घेऊ नका. भाजण्याचे अपघात इथेच होतात. तोंड हातभर वर ठेवून पाच ते सात मिनिटं, मधून डोकं बाहेर काढत. पाण्यात निर्गुडीचा पाला किंवा चमचाभर ओवा टाकला की बरं वाटतं. वाफेनं आजाराचे दिवस कमी होत नाहीत, पण घट्ट झालेला शेंबूड सैल होतो आणि नेतीचं पाणी वाट काढतं. कापूर पाण्यात टाकू नका. तो पोटात गेला तर लहान मुलांना झटके येऊ शकतात, आणि घरात मुलं असली की उघडा कापूर त्यांच्या हाती लागतोच.

जलनेती हा हठयोगातल्या षट्कर्मांपैकी, म्हणजे सहा शुद्धिक्रियांपैकी, नेतीचा सोपा प्रकार. जुन्या ग्रंथांत सांगितलेली नेती दोऱ्याची, म्हणजे सूत्रनेती. ती सर्दीत करू नये. जलनेतीत सगळं यश पाण्यावर आणि मिठावर अवलंबून असतं.

पाणी: विहीर, पऱ्ह्या, नळ, फिल्टर, कुठलंही असो, ते खळखळ उकळी आल्यावर किमान एक मिनिट उकळलेलं आणि मग झाकून कोमट केलेलंच हवं. न उकळलेल्या गोड्या पाण्यात अमीबा असू शकतो. तो पोटात गेला तर काही करत नाही, पण नाकातून मेंदूपर्यंत पोचला तर जीव घेतो. असं क्वचित घडतं, तरीही इथे सवलत घेऊ नये.

मीठ: एका लिटरला ९ ग्रॅम. अर्ध्या लिटरला साडेचार, म्हणजे बारीक मिठाचा सपाट पाऊण छोटा चमचा. घराघरांतले चमचे वेगळे असतात, म्हणून एकदा काट्यावर मोजून आपल्या चमच्याची खूण ठरवा. पावसाळ्यात मीठ पाणी धरतं आणि ओल्या मिठाचं वजन फसवतं. आधी तव्यावर कोरडं करून मगच मोजा. मिठागराचं खडे मीठ असेल तर ते पाण्यात विरघळवून तासभर निवळू द्या, फडक्यातून गाळा आणि मग ते पाणी झाकण ठेवून उकळा. त्यात माती असते. चिमूटभर खाण्याचा सोडा घातला तर नाक कमी चुरचुरतं.

आता कृती. पाणी मनगटावर टाकून पाहा, गरमही नाही आणि गारही नाही असं वाटलं पाहिजे. न्हाणीत पाय थोडे फाकवून कमरेतून वाका, डोकं एका बाजूला कलवा, तोंड उघडा आणि तोंडानंच श्वास घ्या. नेतीच्या लोट्याची चोच वरच्या नाकपुडीला घट्ट लावून लोटा हळूहळू उचला. पाणी खालच्या नाकपुडीतून धारेनं पडतं. एका बाजूला पाव लिटर, मग दुसरी बाजू. ज्या नाकपुडीतून श्वास बरा चालतो तिथून सुरुवात करा.

काय बिघडतं ते ओळखून ठेवा. नाक आणि कपाळात झोंबलं तर मीठ कमी पडलं आहे किंवा पाणी गार आहे. नुसती जळजळ झाली तर मीठ जास्त. पाणी घशात उतरलं तर डोकं मागे गेलं आहे, हनुवटी छातीकडे घ्या. मध्येच नाकानं श्वास घेतला तर ठसका लागतो. आणि पलीकडून पाणी आलंच नाही तर जोर लावू नका, लोटा बाजूला ठेवून पुन्हा वाफ घ्या.

नेतीनंतर नाक कोरडं करणं नेतीइतकंच महत्त्वाचं, आणि चुका इथेच जास्त होतात. कमरेतून वाकून डोकं खाली सोडा, अर्धा मिनिट थांबा, मग डोकं डावीकडे-उजवीकडे वळवत दोन्ही नाकपुड्या उघड्या ठेवून हलके उच्छ्वास सोडा. नाक दाबून जोरात शिंकरलं तर आतलं पाणी कानाच्या नळीत ढकललं जातं आणि रात्री कान ठणकतो. पुढचा अर्धा तास मोटरसायकलवर जाऊ नका, आडवं होऊ नका. सर्दीत दिवसातून एकदा, फार तर दोनदा नेती पुरे. कान दुखत असेल, नाकातून रक्त येत असेल, नाकाचं किंवा कानाचं ऑपरेशन नुकतंच झालं असेल तर नेती नकोच. तांब्याच्या लोट्यात मिठाचं पाणी राहू देऊ नका, हिरवं कीट धरतं. पावसात ऊन मिळत नाही, म्हणून लोट्यावर उकळतं पाणी ओतून, पुसून तो पालथा ठेवा.

नाकात तेल सोडायचं असेल तर ताज्या सर्दीत थांबा. आयुर्वेदातही नव्या प्रतिश्यायात नस्य वर्ज्य आहे. शिंकरून सोललेल्या नाकपुडीच्या कडेला खोबरेल तेलाचं बोट मात्र जरूर फिरवा.

श्वास आणि झोप

चोंदलेल्या नाकानं अनुलोम-विलोम रेटू नका, आणि कपालभाती तर अजिबात नको. दाब कानावर येतो. त्याऐवजी भ्रामरी: ताठ बसून नाकानं जमेल तेवढा श्वास घ्या, ओठ मिटून, दात सैल ठेवून ‘म्’कार शेवटपर्यंत लांबवा. पाच-सहा वेळा, सकाळ-संध्याकाळ. गुंजनाच्या कंपनानं सायनसमधली हवा नाकाशी खेळती राहते. चेहऱ्याच्या हाडांत कंप जाणवला की आवाज बरोबर लागला. नाक जराही चालत नसेल तर श्वास तोंडानं घेतला तरी चालेल.

रात्री डावी नाकपुडी बंद असेल तर उजव्या कुशीवर निजा, वरची नाकपुडी हळूहळू सुटते. बसल्या बसल्या हेच करायचं तर उजव्या काखेत डाव्या हाताची मूठ धरून पाच-दहा मिनिटं दाबा. गोधडीची घडी उशीखाली घालून डोकं आणि खांदे दोन्ही उंच करा. नुसती मान उंच केली तर सकाळी मान धरते. खोकल्यानं झोप मोडत असेल तर झोपताना चमचाभर मध.

लहान मुलं

वर्षाच्या आतल्या बाळाला मध चाटवू नका, बोटभरही नाही. त्यातल्या जिवाणूंच्या बीजांमुळे बाळाला बॉट्युलिझम होऊ शकतो. बाळाच्या नाकात तेल सोडू नका, ते फुप्फुसात उतरतं. ओव्याची, लसणीच्या सालींची धुरीही बंद करा. ती मायेनं केली जाते हे खरं, पण धुरानं आधीच सुजलेली श्वासनलिका आणखी आवळते. वेखंड कपाळाला लावलं तर हरकत नाही, पोटात देऊ नका. बाळाच्या नाकात मेडिकलमधले सलाइनचे दोन-दोन थेंब टाकून मग अंगावर पाजा. मोठ्या मुलासाठी चमचाभर ओवा तव्यावर गरम करून फडक्यात बांधा, आपल्या गालाला लावून तपासा, आणि पुरचुंडी उशाजवळ ठेवा. मुलाच्या अंगावर नको.

मूल शांत असताना पूर्ण एक मिनिट श्वास मोजा. दोन महिन्यांच्या आत ६०, वर्षाच्या आत ५० आणि पाच वर्षांपर्यंत ४० किंवा त्याहून जास्त भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखाली खळगा पडत असेल, तर काढा-वाफेत वेळ न घालवता दवाखाना गाठा.

जी सर्दी नाही

पहाटे ओळीनं शिंका, डोळ्यांना खाज, पाण्यासारखं नाक, ताप नाही, आणि हे आठवडेच्या आठवडे चालतं, तर ती ॲलर्जी. पावसात भिंतीवरची बुरशी आणि घरात वाळत घातलेले कपडे, हिवाळ्याच्या शेवटी मोहर, ही आपल्याकडची नेहमीची कारणं. यात नेती चालते, काढ्याचा उपयोग नाही. सर्दी उतरत आली असताना एका बाजूचा गाल किंवा कपाळ दुखून पुन्हा ताप आला, दहा दिवसांनंतरही उतार पडला नाही, कानातून पाणी आलं किंवा दम लागला तर डॉक्टरांना दाखवा.

आणि भातलावणीच्या दिवसांत एक गोष्ट कटाक्षानं पाळा. ताप आणि अंगदुखी आहे, पण नाक वाहत नाही, पोटऱ्या हात लावू देत नाहीत, डोळे लाल झाले आहेत, तर ती सर्दी समजून घरी काढा पीत बसू नका. रत्नागिरी-सिंधुदुर्गात पावसाळ्यात लेप्टोस्पायरोसिस होतो. उंदीर-गुरांच्या मुतातून तो चिखलात उतरतो आणि पायाच्या जखमेतून शरीरात शिरतो. त्यावर अँटिबायोटिक चालतं, पण ते लवकर सुरू व्हावं लागतं. त्याच दिवशी प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, आणि किती दिवस चिखलात उभे होता, पायाला चीर किंवा चिखल्या आहेत का, हे डॉक्टरांनी विचारायच्या आधी सांगा.