राउटरसाठी चॅनेल कसा निवडावा

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारात घराला घर लागून असल्यामुळे मोबाइलवर वाय-फाय शोधले की शेजारच्या राउटरांची भलीमोठी यादी दिसते. मात्र ही नावे मोजून चॅनेल, म्हणजे राउटर ज्यावर बोलतो तो रेडिओ लहरींचा ठरावीक भाग, ठरवू नये, कारण नुसत्या चालू असलेल्या पाच राउटरांपेक्षा संध्याकाळभर चित्रपट दाखवणारा एकच राउटर अधिक वाट अडवतो.

२.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात लगतच्या दोन चॅनेलांत ५ मेगाहर्ट्झचे अंतर असते, पण प्रत्येक राउटर सुमारे २० मेगाहर्ट्झ जागा व्यापतो. म्हणून १, ६ आणि ११ हेच पर्याय धरावेत. ३ रिकामा दिसला तरी मोह आवरावा. एकाच चॅनेलवरचे राउटर एकमेकांची चाहूल घेऊन आळीपाळीने बोलतात, तर अर्धवट जागा व्यापणाऱ्यांचा एकमेकांना नुसता गोंगाट होतो.

खरी अडचण अशी, की एका वेळी एकच चॅनेल वापरून पाहता येतो आणि तेवढ्यात बाकीच्यांवर काय चालले आहे ते कळत नाही. त्यासाठी वही ठेवावी. जिथे बसून काम करता तिथूनच, राउटरजवळून नव्हे, राउटरला १०० पिंग (उत्तर यायला किती वेळ लागतो ते मोजणारे छोटे संदेश) पाठवावेत; एकही हरवला नाही आणि सरासरी विलंब १० मिलिसेकंदांच्या आत राहिला, तर ‘मोकळा’ लिहावे. बाहेरच्या संकेतस्थळाला पिंग केल्यास सेवा देणाऱ्याचा दोष चॅनेलच्या माथी येतो.

पुढचा चॅनेल निवडताना २००२ साली मांडलेला यूसीबी१ हा नियम उपयोगी पडतो : त्या चॅनेलच्या नोंदींपैकी मोकळ्या किती या प्रमाणात, सर्व चॅनेलांच्या एकूण नोंदींच्या नैसर्गिक लॉगरिदमच्या दुपटीला त्या चॅनेलच्या नोंदींनी भागून येणाऱ्या संख्येचे वर्गमूळ मिळवावे; ज्या चॅनेलची ही बेरीज, म्हणजे गुण, सर्वांत जास्त, तो निवडावा. समजा, ३० नोंदींपैकी १ वर १४ (मोकळ्या १०), ६ वर १० (मोकळ्या ४) आणि ११ वर ६ (मोकळ्या ३) आहेत. गुण अनुक्रमे १.४१, १.२२ आणि १.५६ येतात. सरासरी १ ची चांगली असूनही पाळी ११ ची, कारण त्याला आपण पुरेसे पाहिलेलेच नाही.

हा नियम परिस्थिती बदलत नाही असे गृहीत धरतो, शेजारी मात्र बदलतात. त्यामुळे शेवटच्या ३० नोंदीच हिशेबात घ्याव्यात, आणि नवरात्रात अर्धा मोहल्ला गरब्याला गेलेला असताना घेतलेल्या नोंदी वगळाव्यात.