रेसिंग सूट स्क्रूटिनीला नेण्याआधी: टू-पीसची चेन, पॅड आणि शिवणीच्या टिपा

धारावीत माझं कातड्याच्या जाकिटांचं काम आहे. कोइम्बतूरच्या कारी स्पीडवेवर नाहीतर चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर मोटरसायकलची रेस लागली, की मुंबई-पुण्याची पोरं सूट घेऊन येतात. "दादा, स्क्रूटिनीत पास होईल एवढं करून द्या." स्क्रूटिनी म्हणजे रेसआधी होणारी गाडीची आणि सूटची तपासणी. मी आधी त्या रेसची नियमपत्रिका मागतो. सर्वसाधारण नियम वेगळे आणि त्या-त्या रेसची पुरवणी वेगळी. वन-पीसच हवा का, चेस्ट प्रोटेक्टर सक्तीचा आहे का, हे त्यातच लिहिलेलं असतं. ते वाचल्याशिवाय कात्री लावू नका.

मग सूट घालून गाडीवर बसा. उभ्याने घेतलेलं माप इथे कामाचं नाही. हँडलवर वाकलं की बाही वर चढते, मनगट उघडं पडतं, गुडघ्याचा पॅड जागा सोडतो. त्याच बैठकीत दुसऱ्याकडून खडूने खुणा करून घ्या: कोपर, गुडघा, खांदा, कंबर.

सगळ्यात जास्त काम टू-पीसचं, म्हणजे जाकीट आणि पँट वेगळी असलेल्या सूटचं असतं. बऱ्याच सूटना फक्त पाठीमागे आठ इंची चेन असते. माणूस घसरला की जाकीट वर ओढलं जातं आणि कंबर उघडी पडते, म्हणून कंबरेभोवती पूर्ण फिरणारी चेन हवी. जाड दात्यांची ओपन-एंड चेन घ्या, म्हणजे जिच्या दोन्ही पट्ट्या पूर्ण सुट्या होतात ती. जाकिटाचा घेर आणि पँटचा घेर सहसा जुळत नाही. एका टोकापासून शिवत गेलात तर शेवटी सगळा फरक पोटावर गोळा होतो. म्हणून पाठीचा मध्य धरा, तिथून दोन्ही बाजूंना दर चार इंचावर खूण करा. जाकिटावर, पँटवर आणि चेनच्या दोन्ही पट्ट्यांवर. खुणेला खूण जुळवत चला, म्हणजे फरक सगळीकडे थोडा-थोडा वाटला जातो.

चेन बाहेरच्या कातड्यावर थेट शिवू नका. दोन इंची कातड्याची पट्टी कापा, चेन तिच्यावर शिवा आणि ती पट्टी जाकिटाच्या आतल्या दुमडीला जोडा. बाहेरच्या कातड्यात एकही नवं भोक पडत नाही. दात्यांच्या आतल्या बाजूला मऊ कातड्याची झडप ठेवा, नाहीतर धातू अंगाला घासतो.

आता टिपा, म्हणजे शिवणीच्या टाक्यांच्या ओळी. दोरा बाँडेड नायलॉनचा. सुती दोरा घामाने कुजतो. इंचाला सात-आठ टाके पुरे. बारीक टाका मजबूत असतो हे कापडात खरं, कातड्यात उलट होतं: टपाल तिकिटांच्या रांगेसारखं ते भोकांच्या रेषेतून फाटतं. जुनी शिवण उसवली असेल तर मशीनचं चाक हाताने फिरवत सुई जुन्याच भोकात उतरवा. वेळ जातो, पण दुसरा मार्ग नाही. खांदा, कोपर, नितंब इथे एक टीप आत लपलेली हवीच. बाहेरचा दोरा रस्त्यावर घासून गेला तरी आतली टीप शिवण धरून ठेवते. शिवण दोन बोटांनी ताणून बघा. फटीतून दोरा दिसला की ती उघडून पुन्हा करायची.

पॅडवरचं लेबल मी नेहमी बाहेर काढून वाचतो. हातापायाच्या पॅडवर ईएन १६२१-१ हा युरोपीय मानकाचा क्रमांक आणि पाठीच्या प्रोटेक्टरवर ईएन १६२१-२ असायला हवं. पाठीचा लेव्हल २ असेल तर चाचणीत सरासरी ९ किलोन्यूटनपेक्षा (किलोन्यूटन हे जोर मोजायचं एकक) कमी मार आत पोचतो, लेव्हल १ मध्ये ही मर्यादा १८ आहे. दोघांत पैसे घालायचे तर लेव्हल २ मध्ये घाला. स्वस्त सूटच्या खिशांत बऱ्याचदा बिनलेबलचा स्पंज असतो, तो फेकून द्या. खिसा लहान पडला तर पॅड कापू नका, खिसा मोठा करा. हे काम अस्तरात करायचं, मुख्य कातड्याला हात लावायचा नाही. पॅड खिशात हलता कामा नये, वर वेल्क्रोची पट्टी लावा. अस्तरही बघा: घर्षणाच्या उष्णतेने वितळून अंगाला चिकटेल असलं सिंथेटिक नको. मी सुती जाळी लावतो.

स्पॉन्सरचे लोगो? खांद्यावर आणि पाठीवर सुईने आरपार शिवू नका. पातळ कातड्याचा लोगो सोल्यूशनने चिकटवा. आधीचे शिवलेले लोगो काढले आणि भोकं राहिली, तर तो सबंध तुकडाच बदलणं बरं. वरून ठिगळ लावून भोकं झाकता येतात, पण घसरताना ती तिथेच असतात, आणि असं काम मी कोणालाही करून देत नाही.

शेवटी बूट, हातमोजे, बॅक प्रोटेक्टर सगळं चढवून परत गाडीवर बसा. मोज्याची पट्टी बाहीवर पूर्ण बसते का, पँटची चेन बुटाच्या आत जाते का, श्वास मोकळा आहे का, हे निघायच्या आठवडाभर आधी बघा. आदल्या रात्री आलात तर मला नीट शिवायला वेळ मिळत नाही.