‘सवय होईल’ म्हणायच्या आधी: चष्म्याच्या काउंटरवर शिकताना या चुका टाळा

चष्म्याच्या दुकानात नवा लागलेला मुलगा पहिल्या आठवड्यात तीन गोष्टी शिकतो. स्क्रू आवळायला, काच पुसायला आणि गिऱ्हाईक कुरकुरलं की “दोन दिवस घाला, सवय होईल” म्हणायला. पहिल्या दोन कामाच्या आहेत. तिसरी कधीकधी खरी असते. पहिल्यांदाच सिलिंडर नंबर (डोळ्याचा बाक सगळीकडे सारखा नसला की लागणारा) लागला किंवा पहिला प्रोग्रेसिव्ह (लांबचं ते जवळचं एकाच काचेत, मध्ये रेघ नसलेला) असला, तर डोळ्यांना आठवडाभर द्यावा लागतो. पण माझ्या अनुभवात परत आलेल्या चष्म्यांपैकी बरेचसे डोळ्यांमुळे आलेले नसतात, आपल्या मापाच्या पट्टीमुळे आलेले असतात.

एका शाळेतल्या बाईंचं उदाहरण सांगतो. दोन्ही डोळ्यांना उणे सहा नंबर. नवी मोठी फ्रेम घेतली, दांडीच्या आत ५४□१८-१४० असं छापलेलं. म्हणजे एका काचेची रुंदी ५४ मिमी, नाकावरचं अंतर १८, दांडीची लांबी १४०. पहिले दोन आकडे मिळवले की फ्रेमची स्वतःची पीडी येते, ७२. बाईंची पीडी, म्हणजे दोन बाहुल्यांमधलं अंतर, ६२. थोडक्यात प्रत्येक काचेचं केंद्र नाकाकडे ५ मिमी सरकवायला हवं होतं. आमच्याकडच्या पोराने अंदाजाने २ मिमी सरकवलं. राहिले ३ मिमी. “तीन मिलिमीटरने काय होतंय?” असं तो म्हणाला, तेव्हा त्याला कागद-पेन दिलं.

नियम सोपा आहे: केंद्र किती सेंटिमीटर चुकलं गुणिले नंबर, म्हणजे झाला प्रिझम (काच प्रकाश एका बाजूला किती वळवते, त्याचं माप). ०.३ गुणिले ६ म्हणजे एका डोळ्याला १.८ आणि दोन्ही मिळून ३.६ प्रिझम डायॉप्टर. उणे काच कडेला जाड असते, त्यामुळे हा प्रिझम नाकाकडे जाड बाजू करून बसतो आणि डोळ्यांना बाहेरच्या बाजूला ताणून बघावं लागतं. आत वळायची डोळ्यांना दिवसभर सवय असते, बाहेर जायची नसते. बाईंचं डोकं दुपारपर्यंत जड व्हायचं ते यामुळे. हीच चूक अर्ध्या नंबरात केली असती, तर कुणाला कळलंही नसतं. म्हणून जितका नंबर मोठा, तितकं माप काटेकोर घ्या. वर-खाली चूक तर आडव्यापेक्षा फार कमी सहन होते, तिथे एक प्रिझमही पुष्कळ झाला.

पीडी घेताना

पट्टीने पीडी घेताना नवशिके दोन्ही डोळे उघडे ठेवून मध्येच कुठेतरी बघतात. हातभर अंतरावर समोरासमोर, एकाच उंचीवर बसा. आधी स्वतःचा उजवा डोळा मिटा, गिऱ्हाइकाला तुमच्या उघड्या डाव्या डोळ्याकडे बघायला सांगा आणि पट्टीचं शून्य त्यांच्या उजव्या बाहुलीवर धरा. पट्टी न हलवता डावा डोळा मिटा, उजवा उघडा, त्यांना आता तिकडे बघायला सांगा, आणि त्यांच्या डाव्या बाहुलीवरचा आकडा वाचा. त्यांनी पूर्ण वेळ तुमच्या नाकाकडे पाहिलं, तर हाती जवळची (जवळचं बघतानाची) पीडी येते. ती लांबच्यापेक्षा तीन-चार मिलिमीटरने कमी असते आणि लांबच्या चष्म्यात बसली की वर सांगितलेलाच घोळ. प्रोग्रेसिव्हसाठी उजवी-डावी वेगळी घ्या. नाक नेहमी बरोब्बर मधोमध असतंच असं नाही.

चिठ्ठी वाचताना

काही डॉक्टर सिलिंडर अधिकमध्ये लिहितात, लॅबला उणेमध्ये लागतो. +१.००/+१.०० × ९० हे उलटवलं की +२.००/−१.०० × १८० होतं. दोन आकडे मिळवा, सिलिंडरचं चिन्ह बदला, अ‍ॅक्सिस (शेवटचा आकडा, सिलिंडर ज्या कोनात बसतो तो) ९० अंशांनी फिरवा. घाईत चिन्ह बदलतं आणि अ‍ॅक्सिस तसाच राहतो, ही शिकाऊ मुलांची सगळ्यात लाडकी चूक. आणखी एक: अ‍ॅक्सिसवर अंशाचं वर्तुळ काढू नका. घाईच्या अक्षरात १०° हे १०० वाचलं जातं.

अ‍ॅक्सिस थोडाच हलला तर? तीनचा सिलिंडर दहा अंश फिरला, की जवळपास एक डायॉप्टरचा सिलिंडर दुरुस्त न होता उरतो. तीस अंश फिरला तर मूळ सिलिंडराएवढीच चूक राहते, म्हणजे चष्मा लावूनही सिलिंडर होता तिथेच. गोल फ्रेममध्ये स्क्रू सैल झाला की काच आपोआप फिरते. गोल फ्रेमचा चष्मा “अंधुक दिसतं” म्हणून परत आला, तर आधी स्क्रू बघा आणि मग काच लेन्सोमीटरवर (काचेचा नंबर मोजायच्या यंत्रावर) धरा.

लेन्सोमीटरवरून आठवलं. सकाळी पहिलं काम म्हणजे काच न ठेवता आयपीस स्वतःच्या डोळ्याला जुळवणं. शून्यावर शून्य दिसलं पाहिजे. तरण्या पोरांचे डोळे जोर लावून चुकीचा नंबरही स्पष्ट करून दाखवतात.

प्रोग्रेसिव्ह आणि बायफोकल

इथे क्रमच चुकतो. उंचीची खूण करायची आणि मग चष्मा चेहऱ्यावर बसवायचा, हे उलटं आहे. आधी नोज पॅड, दांड्या, कल सगळं बसवा, मग खूण. आणि गिऱ्हाईक खुर्चीत बसलं की फोटो काढायला बसल्यासारखं ताठ होतं; दोन वाक्यं गप्पा मारा, मान रोजच्यासारखी झाली की खूण करा. प्रोग्रेसिव्हची खूण बाहुलीच्या मध्यावर, बायफोकलची रेघ साधारण खालच्या पापणीच्या कडेला.

तक्रारीच्या शब्दांतच बिघाड असतो. “वाचायला मान मागे टाकावी लागते” म्हणजे काच खाली बसली आहे. “लांबचं बघायला हनुवटी खाली घ्यावी लागते” म्हणजे वर बसली आहे. लगेच काच नवी मागवू नका. नोज पॅड जवळ घेतले की फ्रेम वर जाते, फाकवले की खाली येते. एक-दीड मिलिमीटरची चूक एवढ्यात निघते.

फ्रेम वाकवताना

अ‍ॅसिटेटची (एका प्रकारच्या प्लास्टिकची) फ्रेम गरम केल्याशिवाय वाकवू नका, मोडेल. पण हीटर काचेवर धरू नका. कोटिंगला बारीक जाळी पडते आणि ती पुसून जात नाही. उजवी काच चेहऱ्याच्या जास्त जवळ असेल, तर उजवी दांडी आत घ्या. उजवी बाजू वर असेल, तर उजवी दांडी वर वाकवा. ऐकायला उलटं वाटतं. जुन्या टाकाऊ फ्रेमवर वीस-तीस वेळा करून बघा, गिऱ्हाइकाच्या नव्या फ्रेमवर नको.

कोर्स निवडताना

नंबर काढणं आणि चष्मा बसवणं ही दोन वेगळी कामं आहेत. बी.ऑप्टोम हा चार वर्षांचा पदवी अभ्यासक्रम आहे. तो नंबर तपासायला शिकवतो, काउंटरचा हात त्यातून आपोआप येत नाही. आणि काउंटरवर दहा वर्षं घालवली म्हणून नंबर काढायचा अधिकार मिळत नाही. ब्रिटनला जायचं डोक्यात असेल तर एवढं ध्यानात ठेवा की तिथे ‘डिस्पेन्सिंग ऑप्टिशियन’ (चष्मा बसवून देणारा) हे बिरुद कायद्याने राखीव आहे, जनरल ऑप्टिकल कौन्सिलच्या नोंदीशिवाय ते लावता येत नाही. इथला अनुभव तिथे उपयोगी पडेल, नोंदीच्या जागी चालणार नाही.

आता राहिली जुन्या चष्म्याची गोष्ट. नवी ऑर्डर घेताना तो मागायला मुलं विसरतात किंवा लाजतात. त्यावरून जुना नंबर, केंद्रं, काचेचा बाक, फ्रेमचा कल सगळं मोजता येतं, आणि नवं का खुपतंय ते दोन मिनिटांत कळतं. शाळेतल्या बाईंनी तिसऱ्या खेपेला पर्स उघडली. जुना चष्मा त्यातच होता, केंद्रं बरोब्बर ६२ वर. पहिल्या दिवशीही होता. आम्ही विचारलंच नव्हतं.