मिथेन, मिथिल, मिथेनॉल: नावांच्या घोळात या चुका टाळा

मिथेन म्हणजे एक कार्बन आणि त्याला जोडलेले चार हायड्रोजन. रंग नाही, वास नाही. नेहमीच्या दाबाला उणे १६१ अंश सेल्सिअसच्या खाली नेल्याशिवाय तो द्रवरूप होत नाही. गोबर गॅसच्या शेगडीत जळतो तो मुख्यतः हाच. दहावीला 'कार्बनी संयुगे' शिकताना या वायूचा फारसा त्रास नसतो. घोळ होतो तो त्याच्या नावाशी जुळणाऱ्या मंडळींमुळे.

उत्तरपत्रिकेत 'मिथिल वायू' असं लिहिलेलं दिसतं. असा वायू नसतो. मिथेनमधला एक हायड्रोजन काढला की उरतो तो मिथिल गट. त्याची एक जागा रिकामी असते, म्हणून तो कशाला तरी चिकटलेलाच भेटतो: प्रयोगशाळेतल्या मिथिल ऑरेंजमध्ये, सांधेदुखीच्या मलमातल्या मिथिल सॅलिसिलेटमध्ये.

त्या रिकाम्या जागी ओएच गट आला की झालं मिथेनॉल. इथली चूक नुसत्या गुणांवर भागत नाही. हा द्रव ६५ अंशांच्या आसपास उकळतो आणि दिसायला दारूतल्या इथेनॉलसारखाच असतो. वासावरूनही भरवशाने वेगळा ओळखता येत नाही. रेणूत फरक एका कार्बनचा आणि दोन हायड्रोजनचा, पण शरीरात त्याचं आधी फॉर्माल्डिहाइड होतं, मग फॉर्मिक आम्ल, आणि हे आम्ल दृष्टीच्या मज्जातंतूवर घाव घालतं. जून २०१५ मध्ये मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभरावर माणसं गेली, ती मिथेनॉलमुळे. बाटलीवर 'मिथिलेटेड स्पिरिट' असेल, तर ते कोणी पिऊ नये म्हणून इथेनॉलमध्ये मुद्दाम मिथेनॉल मिसळलेलं असतं.

इथेन, ईथीन, ईथाइन पाठ झालं की मुलं त्याच चालीवर 'मिथीन' लिहून मोकळी होतात. नावाशेवटचं 'ईन' म्हणजे दोन कार्बनमधला दुहेरी बंध, आणि तो काढायचा तर आधी दोन कार्बन हवेत! म्हणून अल्कीनची, म्हणजे अशा दुहेरी बंधाच्या हायड्रोकार्बनची, श्रेणी ईथीनपासूनच सुरू होते. शंका आली तर प्रत्येक कार्बनभोवतीच्या रेघा मोजा. चारपेक्षा कमी-जास्त भरल्या तर रचना चुकली.

मेन्थॉल पुदिन्यातलं, दहा कार्बनचं. त्याचा मिथेनशी संबंध नाही.

स्वयंपाकघरातली गल्लत मात्र मोठ्यांची असते. सिलिंडरमध्ये मिथेन नसतो. त्यात प्रोपेन आणि ब्युटेन असतात. मिथेन येतो पाइपच्या गॅसमधून, आणि सीएनजीतही मुख्यतः तोच. सिलिंडरच्या आणि पाइपच्या, दोन्ही गॅसना येणारा उग्र वास गळती कळावी म्हणून वरून मिसळलेला असतो. पण सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड, फरशीलगत साचणारा. मिथेन हलका, छताकडे चढणारा. पाइपलाइन आल्यावर सिलिंडरच्या वेळचा गळतीसूचक तसाच खाली ठेवू नका. मिथेनसाठीचा वेगळा घ्या आणि तो छताजवळ बसवा.