जुन्या कमानी दुरुस्त करताय? या चुका टाळा

नागपूरच्या महाल, इतवारीतल्या जुन्या वाड्यांच्या कमानी पावसापेक्षा दुरुस्तीनंच जास्त जातात. कारण ठेकेदाराची नजर स्लॅबची. स्लॅबमधला ताण सळया झेलतात. कमानीत तो झेलणारं कोणी नसतं. दगड दगडाला रेटत उभा असतो आणि हा रेटा खाली जाता जाता बाजूलाही ढकलतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे कमानीच्या खांद्यांवरचा, म्हणजे माथ्याच्या दोन्ही बाजूंच्या उतारांवरचा, भराव ‘फुकटचं वजन’ समजून उपसणं. इंग्रज शास्त्रज्ञ रॉबर्ट हूकनं १६७५ च्या सुमारास सांगितलं होतं, की लोंबती साखळी जो आकार घेते, तोच उलटा केला की ताठ उभी राहणारी कमान मिळते. पण साखळी आपणहून कधी अर्धगोल लोंबत नाही. तसा आकार हवा असेल तर तिला दोन्ही बाजूंना जास्त वजन बांधावं लागतं. अर्धगोल कमानीच्या खांद्यावरचा भराव नेमकं तेच काम करतो. तो काढलात तर खांदे बाहेर फुगतात, माथा खाली बसतो. हूकच्या कित्येक शतकं आधीचे गवंडीही भराव घालतच होते, साखळीशिवाय!

दुसरी चूक, आधाराची भिंत तासणं किंवा शेजारची खोली पाडणं. ओळीतल्या मधल्या कमानी एकमेकींचा रेटा परस्पर जिरवतात. शेवटच्या कमानीला मात्र जाड भिंतच लागते. ती किती जाड, याचा सतराव्या शतकात फ्रान्समध्ये छापलेला एक नियम आहे. कमानीच्या वळणाचे तीन सारखे भाग करा, भिंतीलगतच्या शेवटच्या भागाची दोन टोकं सरळ रेषेनं जोडा, ती रेष खाली तेवढीच पुढं वाढवा. ती बाहेर जिथं पोचते तिथं भिंतीची बाहेरची कड. १२ फूट रुंद अर्धगोल कमानीला ३ फूट येतात. टोकदार कमानीला कमी, चपट्या कमानीला जास्त. बलाचा एक आकडा न मांडता उत्तर बरोबर दिशेनं जातं, हे मला तरी फार आवडतं.

भेग दिसली की सिमेंट कोंबू नका. भेगेपाशी कमान बिजागरीसारखी थोडी वळते. अशा तीन बिजागऱ्यांवर ती निवांत उभी राहते, पडायला साधारण चौथी लागते. रोमच्या सेंट पीटर्स चर्चच्या तडकलेल्या घुमटाचा रेटा दगडकामाच्या आतच राहतो, हे पोलेनी या इटालियन शास्त्रज्ञानं १७४८ मध्ये वजनं बांधलेल्या साखळीनंच दाखवलं. खबरदारी म्हणून लोखंडी कडी घालायला सांगितली ती वेगळी.

आपल्याकडची काळी माती पावसात फुगते, मे महिन्यात आक्रसते. पाया हलला की भेग उघडझाप करते. उन्हाळ्यात सिमेंटनं बुजवलेल्या भेगेला मिटायला जागा राहत नाही, मग शेजारी नवी पडते. त्यापेक्षा भेगेवर आडवी काचेची पट्टी चिकटवून तारीख लिहा, उन्हाळा-पावसाळा जाऊ द्या. पट्टी शाबूत असेल तर चुन्यानं भरा. तुटलीच तर आधी टेकू लावा आणि पाया, गटार, पन्हाळ बघायला जाणकार इंजिनीअर बोलवा.