कागदावर बरोबर आलेले ऑप-ॲम्प सर्किट स्थिर राहील का, ते कसे तपासावे

ऑप-ॲम्प म्हणजे प्लस आणि मायनस या दोन इनपुटांमधला फरक प्रचंड पटीने वाढवणारा ॲम्प्लिफायर. आदर्श ऑप-ॲम्पचे दोन नियम सगळ्यांना पाठ असतात: दोन्ही इनपुटांवर व्होल्टेज सारखे आणि इनपुटात करंट शून्य. साधा बफर घ्या. सिग्नल प्लसला, आउटपुट मायनसला जोडलेले. उत्तर येते, आउटपुट म्हणजेच इनपुट. आता प्लस-मायनसची अदलाबदल करून तेच गणित पुन्हा मांडा. उत्तर तेच! ब्रेडबोर्डवर मात्र हे दुसरे सर्किट सप्लायच्या टोकाला जाऊन चिकटते. समतोल कुठे आहे एवढेच ते नियम सांगतात. तो टिकेल का, हे सांगत नाहीत. गोटी वाटीत बसते तशी उपड्या वाटीच्या माथ्यावरही बसते, पण तिथे तिला एक फुंकर पुरते. म्हणून सर्वात आधी फीडबॅक, म्हणजे आउटपुटवरून इनपुटला परत येणारा सिग्नल, मायनसकडेच जातोय ना, ते बघा.

मग आउटपुटवर किती कपॅसिटन्स लटकतोय ते मोजा. लांब शील्डेड केबलसुद्धा यात धरा, मीटरला साधारण 100 पिकोफॅरड. 741 या नेहमीच्या ऑप-ॲम्पचा गेन (सिग्नल वाढवण्याची पट) सुमारे 1 मेगाहर्ट्झला 1 वर येतो, आणि आतल्या 30 पिकोफॅरडच्या कपॅसिटरमुळे फेज आधीच 90 अंश मागे असते, म्हणजे आउटपुटची लहर इनपुटच्या पाव फेरा मागे चालते. आणखी 90 गेले की ऋण फीडबॅक धन झाला. समजा बफरवर 10 नॅनोफॅरड लोड आहे. आउटपुट रेझिस्टन्स 75 ओहम धरला तर नवा पोल, म्हणजे जिथून सिग्नल आणखी घटू लागतो आणि फेज आणखी मागे पडते ती वारंवारता, 212 किलोहर्ट्झला येतो. लूप गेन (ऑप-ॲम्पमधून जाऊन फीडबॅकने परत येईपर्यंतचा एकूण गेन) 1 होतो 440 किलोहर्ट्झच्या आसपास, आणि तिथे हा पोल 64 अंश खातो. उरले 26, हेच फेज मार्जिन. मला हे फार कमी वाटते. निदान 45 हवेत.

आता प्रत्यक्ष बघा. 100 मिलिव्होल्ट, 10 किलोहर्ट्झची चौकोनी लहर द्या. प्रोब 10 पटीवर ठेवा, नाहीतर प्रोबचाच कपॅसिटन्स भर घालतो. कडेवरची उसळी पायरीच्या पाव भागाएवढी असेल तर मार्जिन साधारण 45 अंश. लहर बराच वेळ थरथरत राहिली तर त्याहून कमी.

उपाय स्वस्त आहे: आउटपुट पिन आणि लोड यांच्यामध्ये 100 ओहम घाला, फीडबॅक मात्र पिनवरूनच घ्या. वरच्या उदाहरणात मार्जिन 80 च्या पुढे जाते. पण लोडवरची बँडविड्थ 159 किलोहर्ट्झवर येते, आणि लोड 1 किलोओहमचा असेल तर व्होल्टेज 9 टक्क्यांनी पडते. तेवढी चूक चालणार नसेल तर फीडबॅक रेझिस्टरमधून लोडवरून घ्या आणि पिनपासून मायनसपर्यंत छोटा कपॅसिटर जोडा.