सिडकोच्या जुन्या इमारतीत शेवटच्या मजल्यावर राहायला येताना

सोलापूर, लातूर, धाराशिवकडून नोकरीनिमित्त नवी मुंबईत येणाऱ्यांना वाशी, नेरूळ, कोपरखैरणे येथील सिडकोच्या जुन्या इमारतींत शेवटच्या मजल्यावरचे घर खालच्या मजल्यांच्या मानाने स्वस्त मिळते. ते स्वस्त का मिळाले, याचा उलगडा बहुतेकांना पहिल्याच एप्रिलमध्ये होतो. मी लातूरहून नेरूळला आलो तेव्हा माझेही तसेच झाले. गावाकडच्या माळवदावर वीतभराहून जाड मातीचा थर असल्यामुळे भर दुपारीही खाली पाठ टेकता येत असे. येथे डोक्यावर असतो तो 4 ते 5 इंचांचा काँक्रीटचा स्लॅब. दिवसभर तापलेला हा स्लॅब सूर्य मावळल्यावर आतल्या बाजूला उष्णता सोडू लागतो. रात्री दहा वाजता स्टुलावर चढून छताला तळहात लावून पाहावा. नुकत्याच उतरवलेल्या तव्याची आठवण होते.

गावाकडचा कुलर सामानात आणू नये. खाडीकाठच्या या हवेत मुळातच इतका दमटपणा असतो की कुलरच्या जाळीतले पाणी पुरेसे उडत नाही आणि खोलीत गारव्याऐवजी चिकचिक वाढते. म्हणून उष्णता घरात शिरण्याआधीच अडवावी लागते.

येथे मी केलेली चूक सांगणे भाग आहे. एका ठेकेदाराच्या सल्ल्यावरून मी स्लॅबखाली फॉल्स सीलिंग करून त्यात ग्लासवूल, म्हणजे काचतंतूंची लोकर, भरून घेतले. उन्हाळा बरा गेला. मात्र जुलैत सीलिंगच्या कोपऱ्यात चहाच्या रंगाचा डाग उमटला आणि बघता बघता परातीएवढा झाला. फळी उघडली तेव्हा आतले ग्लासवूल भिजलेल्या गोधडीसारखे जड होऊन लोंबत होते आणि वरच्या स्लॅबचे प्लॅस्टर सुटून गंजलेली सळई उघडी पडली होती. ग्लासवूलचा गुण त्याच्या तंतूंत अडकलेल्या कोरड्या हवेत असतो, त्यामुळे एकदा पाणी शिरले की त्याचा उपयोग संपतो. त्याहून वाईट म्हणजे गळती सीलिंगआड दडून राहते. तेव्हा आधी पाणी आणि मग ऊन, हा क्रम चुकवू नये, आणि शक्यतो काम आतून न करता गच्चीवरून करावे.

दिवाळीनंतर स्लॅब सुकला की गच्चीचा जुना कोबा, म्हणजे स्लॅबवरचा वीटतुकडे व सिमेंटचा थर, हातोडीने हलके ठोकून पाहावा. जेथे पोकळ आवाज येतो तेथे तो खालून सुटलेला असतो आणि तेवढा भाग काढून दुरुस्त करावा लागतो. पुष्कळ गवंडी जुन्या कोब्यावरच नवा कोबा चढवण्याचा सल्ला देतात. तो मानू नये, कारण 4 इंच जाडीच्या विटांच्या कोब्याचा भार दर चौरस मीटरला 200 किलोच्या आसपास जातो आणि जुन्या स्लॅबने तो का सोसावा? वॉटरप्रूफिंग झाल्यावर गच्चीत पाणी साठवून दोन-तीन दिवस खाली ओल येते का ते पाहावे, आणि त्यानंतरच त्यावर एक्सपीएसच्या शीट अंथराव्यात. हा थर्माकोलचाच दाट भाऊबंद. बंद पेशींचा असल्याने तो पाणी जवळजवळ शोषत नाही. 50 मिलिमीटर जाडीची शीट उष्णता अडवण्यात सुमारे अडीच मीटर काँक्रीटची बरोबरी करते आणि तिचे वजन दर चौरस मीटरला जेमतेम दोन किलो भरते. उन्हाने ती खराब होते व वाऱ्याने उडू शकते, म्हणून तिच्यावर कापडाचा थर आणि फरशी हवीच. या फरशीचा भार मात्र हिशेबात धरावा. घरबांधणीसाठीच्या इको-निवास संहितेने 2018 मध्ये छतातून उष्णता जाण्याची कमाल मर्यादा, आत-बाहेरच्या तापमानातील दर अंश फरकामागे, दर चौरस मीटरला 1.2 वॅट ठरवली. अशा थराने छत तिच्या बरेच खाली येते.

गच्ची आपल्या डोक्यावर असली तरी आपल्या मालकीची नसते. त्यामुळे सर्वसाधारण सभेचा ठराव झाल्याशिवाय एक फरशीही हलवू नये. सहकारी गृहनिर्माण सोसायट्यांच्या आदर्श उपविधींनुसार (नियमावलीनुसार) गच्चीची गळती थांबवण्याचा खर्च सोसायटीचा असतो, पण उष्णतारोधक थराचे पैसे बहुधा आपल्यालाच घालावे लागतात. हे दोन खर्च अर्जात वेगळे दाखवले की सभेतली निम्मी वादावादी टळते. तीस वर्षांहून जुन्या इमारतीचे स्ट्रक्चरल ऑडिट दर तीन वर्षांनी करायचे असते. त्याचा ताजा अहवाल सचिवांकडून मागून घ्यावा आणि फरशीच्या भाराबद्दल त्या अभियंत्यालाच विचारावे.

एवढा खर्च झेपत नसेल, तर ऊन परतवणारा पांढरा रंग गच्चीला लावूनही बराच फरक पडतो. पावसाळ्यात त्यावर शेवाळ धरते आणि काळवंडलेला रंग ऊन परतवत नाही, म्हणून मार्चमध्ये गच्ची एकदा घासून धुवावी. पश्चिमेच्या खिडकीला आतून जाड पडदा लावण्यापेक्षा बाहेरून बांबूची चटई सोडावी, कारण काचेतून आत आलेले ऊन पडद्याला पुन्हा बाहेर घालवता येत नाही.